पापणीचा काठ

भादवा लागला की पशुवैद्याच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. पावसाळाभर गोचीड, खाज आणि फुटलेले कान यांची रांग असते. आता जखमी नर येऊ लागतात. रस्त्यावरच्या बऱ्याच माद्या याच सुमारास माजावर येतात. नसबंदी न केलेले घरचे नरही साखळी तोडून, फाटकावरून उडी मारून त्या भानगडीत पडतात. कुत्र्यांची मारामारी तोंडासमोर तोंड करून होते. त्यामुळे दात लागतात ते कानांना, मानेला, ओठांना आणि डोळ्यांभोवती.

असाच एक तांबडा देशी कुत्रा टेबलावर आणला जातो. अर्धं तोंड रक्तानं माखलेलं, डावा डोळा घट्ट मिटलेला, वरच्या पापणीचा एक तुकडा खाली लोंबतोय. सोबतच्या काकूंच्या ओढणीवर रक्त आणि बोटांना हळद.

"डॉक्टर, डोळा गेला का हो त्याचा?"

"बघू दे आधी, काकू. हळद कुठं लावलीत? फक्त वर की आतही गेली?"

हा प्रश्न हळदीवरच्या रागातून आलेला नसतो. पुढच्या तपासणीत हळद खरोखर आडवी येते, ती कशी ते पुढे येईलच. पापणीच्या जखमेत नवख्याची नजर रक्तावर खिळते. पापणीला रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की बोटाच्या पेराएवढी चीरही घाबरवून सोडते. पण त्या रक्तानं कुत्रा दगावत नाही; स्वच्छ ओल्या गॉजनं पाच मिनिटं हलका दाब दिला की बहुतेक वेळा ते थांबतं. डॉक्टरांना काळजी असते ती लोंबणाऱ्या तुकड्याच्या मागं काय झालंय याची.

म्हणून पहिलं काम डोळा बघण्याचं. कुत्रा शांत असेल तर बधिरतेचा एक थेंब घालून, नसेल तर गुंगीचं इंजेक्शन देऊन. (हा बधिर करणारा थेंब पाहून काही जण बाटली घरी न्यायला मागतात. ती कधीही देऊ नये. वारंवार वापरला तर तोच थेंब कॉर्नियाची, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याची, भरून येण्याची प्रक्रिया अडवतो.) डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांना बोट लावून पापणी मिटते का ते पाहतात. मिटण्याचा आदेश चेहऱ्याच्या मज्जातंतूकडून येतो आणि त्याची फांदी गालाच्या हाडावरून जाते. चावा तिथं खोल गेला असेल तर पापणी कितीही सुबक शिवली तरी ती मिटणार नाही. मग बाहुली प्रकाशाला आकसते का, आत रक्त साचलंय का, हे तपासतात.

यानंतर फ्लुरोसीनची पट्टी. नारिंगी रंगाची ही कागदी पट्टी सलाइननं ओली करून डोळ्याला टेकवायची आणि जादा रंग धुऊन टाकायचा. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग टिकत नाही. तो थर खरचटला असेल तर खालचा भाग रंग शोषतो आणि निळ्या प्रकाशात हिरवागार चमकतो. हळदीची गोष्ट इथं येते. हळदीतला कर्क्युमिन हा घटकही निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो. डोळ्यात हळदीचे कण असले तर जखम कुठली आणि हळद कुठली हे ठरवण्याआधी डोळा सलाइननं चांगला धुवावा लागतो. वेदनेनं कळवळणाऱ्या जनावराच्या डोळ्यात आणखी दहा मिनिटं पाण्याची धार सोडायची, हे कुणालाच आवडत नाही.

त्याच पट्टीची दुसरी परीक्षा अधिक गंभीर आहे. रंग न धुता कॉर्नियावर जाडसर लावून ठेवायचा आणि नीट बघायचं. कुठूनतरी स्वच्छ पाण्याची बारीक रेघ रंग कापत खाली येताना दिसली, की डोळ्याला भोक पडलंय आणि आतलं पाणी गळतंय असं समजायचं. मग पापणीचं काम दुय्यम होतं.

मांजराच्या नखानं झालेल्या जखमेत ही शंका फार महत्त्वाची असते. घरात नवं पिल्लू आणलं, ते उत्साहानं जुन्या मांजरीकडं धावलं आणि तिनं एक फटका दिला, हा प्रसंग ठरलेला. डोळ्याकडं काही येताना दिसलं की पापणी मिटण्याची सवय पिल्लाला जन्मतः नसते; ती साधारण दहा ते चौदा आठवड्यांच्या वयात येते. त्याआधी नख थेट डोळ्यात जातं. बाहेरून पापणीवर एक बारीक ओरखडा दिसतो आणि आत नखानं डोळ्याच्या भिंगाचं आवरण फाडलेलं असतं. आवरणातली प्रथिनं बाहेर आली की डोळ्यात भयंकर दाह सुरू होतो आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर डोळा जातो. पिल्लाच्या पापणीवर नखाचा एवढासा ओरखडा दिसला तरी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं, असं मी म्हणेन. एकदा दाखवून घ्यायला काहीच जात नाही.

आता पापणीकडं वळू. बाहेरून केसाळ कातडी, तिच्या खाली डोळ्याभोवती गोल फिरणारा स्नायू, मग एक पातळ चिवट थर आणि सर्वांत आत, डोळ्याला घासणारं ओलं गुलाबी अस्तर. माणसाच्या पापणीत मधला थर चांगला कडक असतो; कुत्र्या-मांजरांत तो नावापुरता असतो. कुत्र्याला पापणीचे केस फक्त वरच्या पापणीला असतात आणि मांजराला खऱ्या अर्थानं ते नसतातच. खेरीज आतल्या कोपऱ्यातून सरकणारी तिसरी पापणी असते. तिच्या बुडाशी असलेली ग्रंथी डोळ्यातल्या पाण्याचा मोठा वाटा पुरवते. मारामारीत ही तिसरी पापणीही फाटते. ती लालभडक सुजून पुढे आली की "डोळ्यात मांसाचा गोळा वाढलाय" असं सांगत लोक येतात आणि तो कापून टाका म्हणतात. तिसरी पापणी कापून टाकली तर डोळा आयुष्यभर कोरडा पडण्याचा धोका असतो. फाटली असेल तर शिवायची.

पापणीचा खरा मौल्यवान भाग आहे तिचा काठ, दीड-दोन मिलिमीटर रुंदीचा. त्यावर केस नसतात. नीट पाहिलं, भिंगातून तर फारच छान, तर त्या काठावर एका ओळीत बारीक ठिपके दिसतात. ती तेलग्रंथींची तोंडं. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. कुत्र्याच्या एका पापणीत अशा वीस ते चाळीस ग्रंथी असतात. त्यांतून येणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि डोळ्यातलं पाणी वाळू देत नाही. पापणी मिटताना हाच काठ डोळ्यावरून फिरतो आणि कॉर्नियावर ओलावा सारखा पसरवतो. हे काम मुख्यतः वरच्या पापणीचं; खालची फारशी हलत नाही. त्यामुळे वरच्या पापणीतली एक मिलिमीटरची चूक खालच्या पापणीतल्या तेवढ्याच चुकीपेक्षा महागात पडते.

काठ जुळला नाही तर होतं ते असं. जखम भरते, टाके निघतात, मालक खूश होतात. पण काठावर पायरी राहिलेली असते. त्या पायरीपाशी पापणी डोळ्याला टेकत नाही आणि तेवढा कॉर्निया कोरडा राहतो. किंवा कातडीकडचे केस आत वळतात आणि प्रत्येक उघडझापीला डोळ्यावर घासतात. कुत्रा डोळा चोळतो, डोळ्यातून पाणी वाहतं, महिन्या-दोन महिन्यांनी कॉर्नियावर डाग पडतो, जखम होते. तोवर पहिल्या जखमेची आठवणही कुणाला नसते. "डोळा सारखा येतो" अशी तक्रार घेऊन लोक नव्यानं येतात.

तर मग शस्त्रक्रिया. पूर्ण भूल लागते, कारण इथं जनावर एक मिलिमीटरही हलून चालत नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देताना श्वासाकडं दुप्पट लक्ष ठेवावं लागतं. त्यांचे डोळे मुळातच उथळ खोबणीत बसलेले, त्यामुळे मारामारीत पापणी फाटण्याच्या जोडीला अख्खा डोळाच खोबणीबाहेर येण्याचा प्रकारही त्यांच्यात घडतो. तसं झालं तर डोळा आत ढकलायचा प्रयत्न घरी करू नये. सलाइननं किंवा स्वच्छ पाण्यानं भिजवलेलं कापड त्यावर ठेवावं आणि तडक दवाखाना गाठावा.

भूल चढली की डोळ्यात जेल भरतात, कात्रीच्या पात्यांनाही जेल लावतात आणि जखमेभोवतीचे केस कापतात. कापलेले केस जेलला चिकटतात, डोळ्यात जात नाहीत. धुण्यासाठी सलाइनमध्ये एकास पन्नास पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. इथं एक चूक नेहमी होते. आयोडीनच्या दोन बाटल्या शेजारी असतात, एक साधं द्रावण आणि एक हात धुण्याचा स्क्रब. स्क्रबमध्ये साबण असतो. तो डोळ्यात गेला तर कॉर्निया भाजतो. क्लोरहेक्सिडीन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही डोळ्याजवळ नको. घरात सहज हाताशी येणाऱ्या डेटॉल-सॅव्हलॉनलाही हेच लागू. घरी काही करायचंच असेल तर सलाइन, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी. त्यापलीकडं काही नको.

आता कापायचं किती? अंगावरच्या इतर जखमांत मेलेली, काळवंडलेली कातडी कापून टाकण्याचा नियम आहे. पापणीत तो जवळजवळ उलटा होतो. सुजलेला, निळसर, एका बारीक देठावर लोंबणारा तुकडाही भरपूर रक्तपुरवठ्यामुळे बहुतेकदा जगतो. शिवाय काठाची जागा भरून काढेल असं शरीरात दुसरं काही सहज मिळत नाही. म्हणून कडा फक्त खरवडून ताज्या करायच्या, रक्त दिसेपर्यंत. जखम दोन दिवसांची जुनी असली तरी हेच करायचं. सूज फारच असेल तर एखादा दिवस गार शेक आणि सूज उतरवणारं औषध देऊन मग शिवलं तरी चालतं. सुजलेल्या कातडीत टाके कापत जातात.

पैठणी फाटली तर कसबी रफूवाला आधी काठ जुळवतो आणि मग पोतावर येतो. पापणीचंही तसंच. काठाचा पहिला टाका इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घालतात. काठापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर, जखमेच्या एका बाजूनं कातडीतून सुई आत जाते आणि जखमेच्या उघड्या कडेतून बाहेर येते. तिथून पलीकडच्या कडेत शिरून काठावर, बरोबर तेलग्रंथींच्या ओळीत वर येते. काठावरून पहिल्या बाजूला येऊन त्याच ओळीत पुन्हा खाली उतरते, जखम ओलांडते आणि पलीकडच्या कातडीतून बाहेर पडते. धागा ओढला की दोन्ही बाजूंचे ठिपके एका रेषेत येतात. गाठ मात्र काठापासून दूर, कातडीवर बसते. हा टाका मनासारखा बसला नाही तर तो काढायचा आणि पुन्हा घालायचा. बाकीच्या टाक्यांत थोडंफार इकडंतिकडं खपून जातं, इथं नाही.

खरं तर आतल्या थराचे टाके आधी घालून ठेवतात, विरघळणाऱ्या ६-० धाग्यानं. हा धागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, म्हणजे माणसाच्या केसाएवढा. त्याच्या गाठी आत पुरायच्या आणि सुई गुलाबी अस्तराच्या पलीकडं जाऊ द्यायची नाही. धाग्याचं एक टोक जरी आतून बाहेर डोकावलं तरी ते दर उघडझापीला कॉर्नियावर ओरखडा काढणार. बाहेरच्या टाक्यांची टोकं मुद्दाम लांब ठेवून खालच्या टाक्यात अडकवतात, तीही डोळ्याकडं वळू नयेत म्हणून.

हे सगळं करायला भिंगाचा चष्मा, बारीक चिमटे आणि बारीक धागा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी गाईंच्या अडलेल्या प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांकडं ते असेलच असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. जाड नायलॉननं कसंबसं शिवण्यापेक्षा जखम धुऊन, डोळ्यात मलम घालून, कॉलर बांधून मोठ्या ठिकाणी पाठवणं केव्हाही चांगलं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पुण्या-नागपुरातही आता डोळ्यांचं काम मन लावून करणारे पशुवैद्य भेटतात. पापणीची जखम एका रात्रीचा प्रवास बऱ्यापैकी सोसते. कॉर्नियाची जखम सोसेलच याचा भरवसा नसतो, म्हणून पाठवण्याआधी फ्लुरोसीन करायलाच हवं.

आतल्या कोपऱ्याची जखम वेगळी. तिथं वरच्या-खालच्या पापणीत डोळ्यातलं पाणी नाकात नेणाऱ्या नळीची बारीक भोकं असतात. चीर तिथून गेली असेल तर नळीची तुटलेली टोकं शोधून त्यांतून बारीक नळी किंवा नायलॉनचा धागा ओवतात आणि तो काही आठवडे तसाच ठेवतात. हे न केल्यास पापणी दिसायला ठीक होते, पण गालावरून पाणी कायम ओघळत राहतं.

आणि तुकडाच नसेल, म्हणजे चावणाऱ्यानं तो गिळलाच असेल तर? पापणीच्या लांबीचा पाव ते एक तृतीयांश भाग गेला असेल तरी उरलेल्या कडा ओढून सरळ जोडता येतात. कुत्र्याची पापणी तेवढी सैल असते. त्याहून जास्त गेला असेल तर शेजारची कातडी सरकवून आणावी लागते, पण तिला केस असतात आणि ते पुन्हा डोळ्यावर येतात. यावरचा एक तोडगा मला फार आवडतो. खालच्या पापणीसाठी ओठाचा काठ वापरतात. ओठालाही बाहेरून कातडी, आतून ओलं अस्तर आणि मध्ये बिनकेसांचा काठ असतो. ओठाची एक पट्टी तिचा रक्तपुरवठा न तोडता वर फिरवून डोळ्याखाली बसवली की काठाचं काम बऱ्यापैकी भागतं.

केस डोळ्यावर घासण्याचा त्रास नवा नाही. सुश्रुतसंहितेत डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत, त्यांतले २१ नुसत्या पापणीचे. पापणीचे केस आत वळण्याला तिथं पक्ष्मकोप म्हटलंय आणि त्यावरची शस्त्रक्रियाही दिली आहे: पापणीच्या कातडीचा जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा कापायचा आणि जखम केसानं शिवायची, म्हणजे काठ बाहेर वळतो. आज पापणी आत वळलेल्या शार-पेई किंवा चाऊ चाऊ कुत्र्यावर हॉट्झ-सेल्सस नावाची जी शस्त्रक्रिया करतात, तिचं तत्त्व हेच आहे. जुनी जखम वाकडी भरून काठ आत वळला असेल तर तीच वापरावी लागते.

घोड्यांच्या बाबतीत एक वाक्य तरी लिहायलाच हवं. तबेल्यातला खिळा किंवा बादलीचा आकडा यांत अडकून घोड्याची वरची पापणी फाटणं अगदी नेहमीचं आहे, आणि लोंबणारा तुकडा कात्रीनं उडवून "साफ" करण्याची चूकही तितकीच नेहमीची. गुंगी देऊन आणि कपाळाच्या व कानाजवळच्या दोन मज्जातंतूंना बधिर करून घोडा उभा असतानाच ती शिवता येते.

परत त्या तांबड्या कुत्र्याकडं. शुद्धीवर आल्यावर त्याच्या गळ्यात प्लास्टिकची कॉलर येते. ती पाहून काकूंचा जीव कळवळतो आणि घरी गेल्यावर "जरा मोकळं राहू दे बिचाऱ्याला" म्हणून ती निघते. मागच्या पायानं एकदा खाजवलं तरी काठाचा टाका सुटतो. कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, जेवतानाही राहू द्यावी. भांडं थोडं उंच ठेवलं की कुत्रा दोन दिवसांत सरावतो.

औषधांत अँटिबायोटिक मलम, तोंडानं अँटिबायोटिक आणि वेदनाशामक. इथं घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. ते पचवणारी यकृतातली व्यवस्था मांजरात फार तोकडी असते. कुत्र्याला आयबुप्रोफेन देऊ नये. आणि आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फ्रिजमध्ये राहिलेले ड्रॉप तर मुळीच नकोत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. कॉर्नियावर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर जखम भरत नाही, उलट कॉर्निया विरघळत जाऊ शकतो.

राहिला चावणारा कुत्रा. तो कोण, कुणाचा, पुन्हा दिसला का, हे डॉक्टर खोदून विचारतात आणि काही मालकांना ते चौकशीसारखं वाटतं. पण जखमेत आणि भोवतीच्या केसांवर त्या कुत्र्याची लाळ असते, म्हणून दवाखान्यात सगळे हातमोजे घालतात. घरी उघड्या हातांनी रक्त पुसलेल्या माणसाच्या बोटाला चीर असेल तर त्यानं हात साबणानं पंधरा मिनिटं धुऊन आपल्या डॉक्टरांकडं जायला हवं, रेबीजच्या लशीसाठी. काकूंना हे सांगितल्यावर त्या आधी हसतात, मग आपली बोटं निरखून पाहतात. कुत्र्यालाही चाव्यानंतरच्या लशी लागतात: पहिला डोस लगेच, नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. टाके चौदाव्या दिवसापर्यंत निघतात, डोळा उघडलेला असतो, डॉक्टर पुन्हा एकदा हिरवा रंग घालून कॉर्निया स्वच्छ असल्याची खात्री करतात. मग मालकाला वाटतं, झालं. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस तेवढा राहून जातो, म्हणून त्याची तारीख टाके काढतानाच कार्डावर लाल शाईनं लिहून द्यावी.